आधी टेबल, मग लॅपटॉप

पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटणाऱ्या डेक्कन क्वीनच्या एसी चेअर कारमध्ये शिवाजीनगर मागे पडतं न पडतं तोच बॅगांच्या चेन उघडल्याचे आवाज येऊ लागतात. समोरच्या सीटच्या पाठीला लावलेली फळी खाली पाडायची, तिच्यावर लॅपटॉप ठेवायचा आणि दादर येईपर्यंत कालचं राहिलेलं काम उरकायचं, हा अनेकांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. पंधरा इंची लॅपटॉपवाल्याची परीक्षा इथूनच सुरू होते. यंत्राची रुंदी सुमारे छत्तीस सेंटीमीटर, त्यामुळे ते फळीच्या दोन्ही बाजूंना टेकतं आणि टाइप करताना कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जातं. तेवढ्यात पुढचा प्रवासी झोपेसाठी सीट मागे रेलतो. स्क्रीनची वरची कड त्याच्या सीटमध्ये अडकते, झाकण अर्धवट मिटावं लागतं आणि फटीतून डोकावल्यासारखं एक्सेल वाचावं लागतं. पँट्रीवाला चहा-ऑम्लेट घेऊन आला की सगळं आवरून मांडीवर घ्यायचं.

दोन रांगा पुढे तेरा इंचीवाली प्रवासी मात्र निवांत असते. लॅपटॉप फळीवर मावून शेजारी कपापुरती जागा उरते आणि खंडाळ्याच्या घाटात नेटवर्क जाईपर्यंत तिच्या दहा-बारा मेल झालेल्या असतात. पण हीच बाई अकरा वाजता ऑफिसात पोचते आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत त्याच तेरा इंचांत मान घालून बसते. एका खिडकीत हिशेबाचा तक्ता, दुसरीत मेल, तिसरीत मीटिंग. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत तिची मान आखडलेली असते आणि सकाळी अडचणीत बसलेला पंधरा इंचीवाला त्या मानाने ताजातवाना असतो.

लॅपटॉप लहान घ्यावा की मोठा, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे: फिरणं जास्त असेल तर लहान, काम जास्त असेल तर मोठा. ऐकायला रास्त वाटतं, पण या उत्तराने कुणाचाच प्रश्न सुटत नाही, कारण ज्यांना फिरावं लागतं त्यांनाच काम जास्त असतं. निर्णय खरा ठरतो तो तिसऱ्याच गोष्टीवर. या माणसाला स्वतःचं असं एक टेबल आहे का? घरी, ऑफिसात, कुठेही. ज्यावर एक मोठा मॉनिटर कायमचा ठेवता येईल असं? टेबल असेल तर लॅपटॉप लहान घ्यावा, काम कितीही मोठं असो. टेबल नसेल तर मोठा घ्यावा, कारण मग ते यंत्र हेच त्याचं टेबल असतं.

हे पटायला आकड्यांकडे जरा नीट पाहावं लागतं. लॅपटॉपचा आकार कर्णात मोजतात आणि कर्ण फसवा असतो. १५.६ इंची, १६:९ प्रमाणाची स्क्रीन साडेचौतीस सेंटीमीटर रुंद आणि १९.४ सेंटीमीटर उंच भरते. १३.५ इंची, पण ३:२ प्रमाणाची स्क्रीन (मायक्रोसॉफ्टच्या सरफेस लॅपटॉपची किंवा फ्रेमवर्कच्या लॅपटॉपची) साडेअठ्ठावीस सेंटीमीटर रुंद आणि १९ सेंटीमीटर उंच असते. म्हणजे कागदावर दोन इंचांहून जास्त फरक, उंचीत मात्र चार मिलिमीटर. ज्यांचं काम वरून खाली वाचण्या-लिहिण्याचं आहे, त्या पत्रकाराला, वकिलाला, प्रूफरीडरला या दोन यंत्रांवर जवळजवळ तेवढ्याच ओळी दिसतात. रुंदी कामी येते ती तक्ते करणाऱ्याला, व्हिडिओ जोडणाऱ्याला आणि दोन खिडक्या शेजारीशेजारी लावणाऱ्याला.

मराठीत काम करणाऱ्यासाठी तर उंचीच महत्त्वाची. देवनागरी ओळीला वर वेलांटी-मात्रांची आणि खाली उकार-ऋकारांची जागा लागते. इंग्रजी ज्या आकारात सहज वाचता येतं, त्या आकारात ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. अक्षर मोठं करावं लागतं, ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं आणि पानावरच्या ओळी कमी होतात. दिवाळी अंकाची पानं लावणाऱ्या कुणालाही विचारावं; रुंद पण बुटक्या स्क्रीनवर अख्खं पान एकदम दिसत नाही म्हणून सतत वर-खाली करण्यातच निम्मा जीव जातो.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी बोलून दाखवत नाही. मोठ्या स्क्रीनवर जास्त मजकूर मावतोच असं नाही. १९२० गुणिले १०८० पिक्सेलची स्क्रीन १३.३ इंचांत असो की १५.६ इंचांत, पिक्सेल तेवढेच; पहिलीत ते दाट बसतात, दुसरीत विरळ. पंधरा इंचांवर तोच मजकूर फक्त मोठा दिसतो. वर्षानुवर्षं आपल्याकडे १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचे स्वस्त १५.६ इंची लॅपटॉप ढिगाने विकले गेले. त्यांत चांगल्या तेरा इंचीपेक्षा कमी मजकूर मावायचा. तरी घरी आणल्यावर ‘केवढा मोठा आहे’ हेच कौतुक व्हायचं. ज्या घरात एकच संगणक येणार होता आणि त्यावर मुलांचा अभ्यास, वडिलांचं ऑनलाइन बँकिंग आणि सगळ्यांचा सिनेमा व्हायचा होता, त्या घराने मोठा लॅपटॉप निवडला तो समजुतीनेच. तो लॅपटॉप घरातल्या टेबलावरचा संगणकच होता. नाव तेवढं वेगळं.

मोठा मजकूर ही क्षुल्लक सोय मात्र नाही. डोळ्यांना चाळिशी लागली की लहान दाट स्क्रीनवर अक्षरं दीडपट करून वाचावी लागतात, आणि दीडपट केली की जागा आटते. पन्नाशीतल्या प्राध्यापकाने जाहिरात पाहून सर्वांत हलका लॅपटॉप घेतला तर महिन्याभरात तो डोळे बारीक करून वाचू लागतो. त्याच्यासाठी चौदा इंच ही किमान मर्यादा धरावी.

फिरता संगणक जन्माला आला तेव्हापासून ही ओढाताण त्याच्या अंगात आहे. १९८१ साली बाजारात आलेला ऑस्बोर्न १ विमानाच्या सीटखाली मावतो म्हणून विकला जायचा. त्याचं वजन अकरा किलोंच्या घरात, बॅटरी नाही, आणि स्क्रीन अवघी पाच इंची. एका ओळीत बावन्न अक्षरं मावत, म्हणून लांब ओळ वाचायला स्क्रीन आडवी सरकवावी लागे. तो काढणाऱ्या अ‍ॅडम ऑस्बोर्नचं भारताशी घट्ट नातं होतं. त्याचं बालपण तमिळनाडूत रमण महर्षींच्या तिरुवण्णामलैत गेलं आणि २००३ साली तो वारला तोही कोडाईकनालमध्ये. ऑस्बोर्न १ च्या पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, बिल मॉग्रिज यांनी घडवलेला ग्रिड कंपास आला. स्क्रीन कीबोर्डवर शिंपल्यासारखी मिटते, ही आजच्या प्रत्येक लॅपटॉपची ठेवण त्यात होती. किंमत आठ हजार डॉलरच्या वर, त्यामुळे तो सामान्य माणसाच्या हाती आलाच नाही. नासाने तो स्पेस शटलमध्ये नेला.

त्याही आधी, १९७२ साली, अ‍ॅलन के यांनी मुलांसाठीच्या ‘डायनाबुक’ची कल्पना कागदावर मांडली होती. वहीएवढा आकार आणि चार पौंडांहून कमी वजन अशी त्यांची अट होती. चार पौंड म्हणजे एक किलो आठशे ग्रॅम. आज कुठल्याही दुकानातला साधा १५.६ इंची लॅपटॉप तेवढाच भरतो. त्या काळी जे वजन स्वप्नवत होतं, ते आज आपल्याला जड वाटतं. लाड वाढले म्हणून हे झालेलं नाही. आपण लॅपटॉप आता त्याहून कितीतरी जास्त वेळा उचलतो.

लहान आकाराला खालून मर्यादा घातली ती हातांनी. १९९५ च्या थिंकपॅड ७०१ मध्ये जॉन कॅरिडिस यांनी फुलपाखरासारखा कीबोर्ड बसवला. झाकण उघडलं की त्याचे दोन तुकडे सरकून एकमेकांत बसत आणि कीबोर्ड यंत्राच्या कडेबाहेर पसरे. स्क्रीन १०.४ इंची, पण बोटांना पूर्ण जागा. ही करामत न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. मात्र स्क्रीन मोठ्या होत गेल्या, त्यांच्याखाली पूर्ण कीबोर्ड आपसूक मावू लागला आणि फुलपाखराची गरज संपली. २००७ मध्ये आसुसने सात इंची ईई पीसी आणला तेव्हा वजन किलोच्या आत आलं खरं, पण कळा इतक्या जवळ की दोन पानांचं पत्र लिहितानाही बोटं एकमेकांवर चढत. नेटबुकची ती लाट काही वर्षांतच ओसरली. तेरा इंचांच्या खाली गेलं की हाताला आवडेल असा कीबोर्ड मिळणं अवघड होतं, हा त्या अनुभवातून मिळालेला पक्का धडा आहे.

वरची मर्यादा मात्र आता वजन घालत नाही. एलजीच्या २०१९ च्या ग्रॅम १७ ची स्क्रीन सतरा इंची होती आणि वजन १.३४ किलो, अनेक चौदा इंचींइतकंच. तरीही तो डेक्कन क्वीनच्या फळीवर मावणार नाही. वजनाचा प्रश्न सुटला, जागेचा सुटला नाही. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी एक ए-फोर कागद घ्यावा आणि आपण जिथे जिथे बसून काम करतो तिथे तो आडवा ठेवून पाहावा: गाडीतली फळी, क्लायंटच्या टेबलाचा आपल्या वाट्याला येणारा कोपरा, कॉफीच्या दुकानातलं वाटोळं टेबल, विमानातली ट्रे. हा कागद २९.७ गुणिले २१ सेंटीमीटर असतो. तेरा इंची मॅकबुक एअर ३०.४ गुणिले २१.५, म्हणजे जवळजवळ तोच. पंधरा इंची एअर ३४ गुणिले २३.८. कागदाभोवती दोन-दोन बोटं मोकळी राहिली तर मोठा घ्यायला हरकत नाही.

बॅटरीबद्दलही गैरसमज आहे. मोठ्या यंत्रात मोठी बॅटरी, म्हणून ते जास्त चालणार, असं धरून चालतात. याच दोन एअरचं उदाहरण घ्यावं. २०२२ च्या तेरा इंचीत ५२.६ वॉट-तासांची बॅटरी होती, २०२३ च्या पंधरा इंचीत ६६.५ वॉट-तासांची. कंपनीने दोन्हींसाठी व्हिडिओ पाहण्याचे तास सांगितले ते सारखेच: अठरा. वाढीव बॅटरी वाढीव स्क्रीनने खाल्ली. त्यात वरचं छतही ठरलेलं आहे. विमानात शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवानगी जवळ ठेवता येते, त्याहून मोठीला विमान कंपनीची मंजुरी लागते, म्हणून सोळा इंची तगडे लॅपटॉपही शंभराच्या उंबरठ्यावरच थांबतात.

मोठ्या यंत्राचा खरा फायदा आहे तो उष्णतेत, आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते. प्रोसेसरला किती वॉट देता येतील हे त्याची उष्णता किती वेगाने बाहेर काढता येईल यावर ठरतं. मोठ्या अंगात मोठे पंखे, जास्त तांबं आणि हवेला वाट असते. एनव्हिडियाच्या लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०६० चिपला कंपनीनिहाय ३५ पासून ११५ वॉटपर्यंत काहीही दिलेलं असू शकतं. डब्यावरचं नाव एकच, पण काम करायला लागल्यावर दोन वेगळी यंत्रं वाटावीत इतका फरक. लग्नाचं शूटिंग करून रात्री हॉटेलवरच हायलाइट्स जोडणाऱ्या मुलाने चौदा इंची बारीक लॅपटॉप घेतला तर मे महिन्यात तो तापून मंदावणारच. असा माणूस सामान घेऊन गाडीने फिरतो, कॅमेऱ्याच्या बॅगा डिकीत असतात. त्याने बिनदिक्कत सोळा इंची घ्यावा. शिवाय मोठ्या अंगाच्या लॅपटॉपमध्ये रॅमसाठी अजूनही बऱ्याचदा खाचा सापडतात. बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते. पाच वर्षांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन रॅम वाढवून घेण्याची वाट मग राहत नाही, म्हणून लहान यंत्र घेतानाच रॅम सढळ घ्यावी लागते.

आता टेबलाकडे परत येऊ. चौदा इंची, १६:१० स्क्रीनवरून १५.६ इंची, १६:९ वर उडी मारली की क्षेत्रफळ वाढतं साधारण अठरा टक्के आणि उंची जेमतेम अर्धा सेंटीमीटर. याउलट टेबलावर चोवीस इंची मॉनिटर ठेवला की १५.६ इंचीच्याही दुपटीहून जास्त जागा मिळते, तीही साधारण दहा हजारांत. अठरा टक्क्यांसाठी रोज वजन वाहायचं आणि मोठ्या स्क्रीनचं खरं सुख तरी मिळवायचं नाही, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. मानेचाही प्रश्न त्यातच सुटतो. लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड बिजागरीने बांधलेले असतात. स्क्रीन डोळ्यांसमोर आणावी तर हात खांद्याशी जातात, हात टेबलावर ठेवावेत तर मान वाकते. यातून पंधरा इंचीही सुटत नाही, सतराही नाही. मॉनिटर वेगळा झाला की सुटका होते. टाइप-सी च्या एकाच वायरीने चित्र आणि चार्जिंग दोन्ही होतं, मात्र घेताना त्या खाचेतून डिस्प्ले जातो का हे विचारून घ्यावं. सगळ्या टाइप-सी खाचांतून तो जात नाही.

पण टेबल सगळ्यांना नसतं. पुण्यातल्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या होस्टेलमध्ये तिघांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला एक कॉट आणि एक कपाट येतं. त्याचं कोडिंग, कॅडची ड्रॉइंग्ज, लेक्चर्स, रात्रीचा सिनेमा सगळं कॉटवर, भिंतीला टेकून. त्याचा लॅपटॉप गावी जातो तो गणपतीत आणि दिवाळीत. त्याला आजूबाजूचे ‘हलका घे, फिरायला बरा’ सांगतात तेव्हा सांगणारे स्वतःच्या घरातला मॉनिटर विसरलेले असतात. हलका लॅपटॉप नुसता महाग असतो असं नाही. तो घेणाऱ्याकडे दुसरी स्क्रीन आहे असं गृहीत धरून बनवलेला असतो. या मुलाने सोळा इंची घ्यावा आणि तो मनापासून वापरावा.

सीए फर्मच्या आर्टिकल असिस्टंटचं मात्र उलट आहे. रोज नव्या क्लायंटकडे ऑडिट, बॅग पाठीला, बाइकवरून वीस किलोमीटर. टॅलीत आकडे भरायला उजवीकडचा नंबर-पॅड लागतो म्हणून ही मुलं १५.६ इंची घेतात आणि दोन वर्षं वाहतात. नंबर-पॅड यूएसबीला लावायचा सुटा मिळतो, काही शे रुपयांत, आणि तो खिशात मावतो. नुसत्या त्याच्यासाठी अर्धा-पाऊण किलो जास्त पाठीवर घेण्याची गरज नाही. यावर कुणी म्हणतं की अर्धा किलो म्हणजे किती, पाण्याची एक बाटली. खरं आहे. पण बाटली दुपारपर्यंत रिकामी होते.

आणि ज्यांना निवडच दिली जात नाही, त्यांचं काय? करोनानंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस आणि बाकी घर अशी पद्धत रुळली. आधी संगणक ऑफिसच्या टेबलावर मुक्कामाला असायचा. आता तो विरारहून, डोंबिवलीहून, पनवेलहून ऑफिसच्या प्रत्येक दिवशी येतो-जातो. मुंबई लोकलच्या गर्दीचं मोजमाप चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं असं केलं जातं. त्या गर्दीत बॅग पाठीवर ठेवता येत नाही, ती पोटाशी घ्यावी लागते आणि दोन्ही हातांनी धरावी लागते. म्हणजे एकाच हाताने वरची कडी पकडायची सोयही जाते. लेडीज डब्यात उभ्या राहिलेल्या पाच फुटी मुलीच्या पोटाशी कंपनीने दिलेला दोन किलोंचा लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि डबा असतो. तो लॅपटॉप ठोकात घेताना कुणीतरी किमतीचा तक्ता पाहिला होता, आणि त्या तक्त्यात १५.६ इंची स्वस्त पडत होता. निर्णय घेणारा गाडीने येतो. त्याच ऑफिसात तिच्या टेबलावर मॉनिटर आधीपासूनच आहे, म्हणजे मोठ्या स्क्रीनचा तिला ऑफिसात उपयोग नाही आणि लोकलमध्ये तर ती उघडताही येत नाही.

नव्या माणसाला यंत्र देताना कंपन्या एक फॉर्म भरून घेतात: नाव, विभाग, सॉफ्टवेअर, मॅनेजरची मंजुरी. त्याच कागदावर आणखी दोन ओळी सहज मावतील. ऑफिसला कसे येता, आणि घरी बसून काम करायला टेबल आहे का? पहिल्या ओळीत ‘लोकल’ आणि दुसरीत ‘आहे’ असं लिहिणाऱ्याला चौदा इंची द्यावा, आणि वाचलेल्या त्रासाच्या मानाने नगण्य पैशांत घरच्या टेबलासाठी एक मॉनिटर. दुसऱ्या ओळीत ‘नाही’ असं आलं, तर लॅपटॉपच्या आधी त्याला टेबल द्यावं.